पप्पूच्या गालावरचा तिकोण

नाथाजी खराडेच्या सोप्यात कुणी पाऊल टाकलं की नाथाजी आधी त्याचं तोंड बघतो, मग हनुवटीला दोन बोटं लावून ते खिडकीकडं वळवतो आणि मगच "बसा" म्हणतो. पाणी त्यानंतर. बायकांच्या बाबतीत तो हात लावत नाही. लांबूनच लाटण्यानं दिशा दाखवतो. गावाला आता याची सवय झाली आहे. मतदार यादीचं काम घेऊन आलेली एक बाई मात्र लाटणं बघून जी उठली ती परत आली नाही, आणि मला वाटतं नाथाजीचं नाव अजून जुन्याच पत्त्यावर आहे.

मी त्याचा शेजारी. माझी नोकरी तासगावच्या बाजार समितीत वजनाच्या पावत्या लिहिण्यात गेली. त्याहून लांब काही लिहायची सवय नाही, आणि हे जमेल अशी खात्रीही नाही. पण नाथाजीच्या पुतण्याच्या, पप्पूच्या, लग्नाची हकिकत गावात जो तो आपल्या मनाची सांगतो, आणि मी त्या दिवशी हातात परात धरून तिथंच उभा होतो. म्हणून लिहितो.

नाथाजी फौजेत ड्रायव्हर होता. हवालदार होऊन घरी आला, द्राक्षबाग लावली, बेदाण्याची शेड उभी केली. फोटोशी त्याचा संबंध एवढाच की फौजेच्या ओळखपत्रावर त्याचा एक होता, आणि त्यात तो पळून आलेल्या माणसासारखा दिसतो. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलानं, शिवतेजनं, हौसेनं कॅमेरा घेतला. हौस फिटली तेव्हा तो कॅमेरा उशीच्या अभ्र्यात गुंडाळून गावाकडं आला, जसं पुण्यात नकोसं झालेलं बाकीचं सामान येतं. नाथाजीनं सुरुवातीला तो बागेतल्या पाखरांवर नजर ठेवायला वापरला. पुढं मोबाइलवर त्याला एक दाढीवाला गडी सापडला. तो हिंदीत शिकवायचा की चेहऱ्याच्या फोटोला एकच दिवा पुरे. दिवा बाजूला ठेवा, निम्मं तोंड अंधारात राहू द्या, आणि अंधाराच्या बाजूच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा तीनकोनी तुकडा पडू द्या. तो पडला तर फोटो. नाही पडला तर ते नुसतं तोंड.

नाथाजी त्याला तिकोण म्हणतो. त्या दिवसापासून तो माणसांच्या गालावर तिकोण शोधत फिरू लागला.

सोप्याची मागची भिंत, परसदारासकट, काळ्या घोंगड्यानं झाकली गेली, कारण घोंगडं उजेड पिऊन टाकतं. गणपती मंडळाचा जुना फोकस बांबूला बांधला. त्याचा उजेड मऊ व्हावा म्हणून नाथाजीच्या वडिलांचं पांढरं धोतर चौकटीवर ताणून पुढं लावलं. खिडक्यांवर बेदाणा झाकायची निळी ताडपत्री आली. तासगावात एक सलूनवाला दुकान नवं करत होता, त्याची गोल फिरणारी जुनी खुर्ची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. आणि अंधाराच्या बाजूला थोडा उजेड परत फेकायला घरातली मोठी स्टीलची परात लागायची. भांडण व्हायचं ते या परातीवरून.

"आवं, परात द्या," नाथाजीच्या बायको, बनुवहिनी, दारातून म्हणायच्या. "पीठ काय तळहातावर मळू?"

"थांब जरा. आण्णाचा गाल उजळतोय."

"आण्णांचा गाल उजळून तुमचं पोट भरनार हाय व्हय?"

आण्णा म्हणजे मी. मला कुणी माझ्याकडं बघितलेलं आवडत नाही. लग्नातल्या फोटोतही मी कुणाच्या तरी फेट्यामागं आहे. पण नाथाजीला न हलणारा, न बोलणारा माणूस हवा होता, आणि गावात तसा मीच. मी तासन्‌तास त्या खुर्चीत बसलो. तिकोण काही पडला नाही.

"तुझं नाक बसकं हाय रं, आण्णा," नाथाजी शेवटी म्हणाला. "सावली गालापतुर पोचतच न्हाई."

एकदा त्यानं बनुवहिनींकडून गोळाभर पीठ मागून माझं नाक उंच करून बघितलं. त्या पिठासकट मी घरी गेलो आणि जेवायला बसेपर्यंत घरात कुणी मला काही बोललं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग त्यानं लाल भोपळा बसवला. शेळी बसवली. बागेतलं बुजगावणं आणून बसवलं. बुजगावण्याला नाक म्हणून मडक्याची खापरी लावलेली होती, तिची सावली बरी पडली, पण नाथाजी म्हणाला, डोळ्यात जीव नाही. मारुतीच्या देवळातही तो फोकस घेऊन गेला होता. पुजाऱ्यानं बाहेर काढला. "देवाच्या निम्म्या तोंडाला अंधार करतोस व्हय रं?"

अशात एक दिवस पप्पू फवारणीचा पंप परत द्यायला आला.

पप्पू हा नाथाजीच्या वारलेल्या भावाचा मुलगा. आई रंगूबाई आणि तो त्याच घराच्या पलीकडच्या खणात राहतात. कागदावरचं नाव वीरधवल, पण ते फक्त लग्नाच्या बायोडाटात वाचायला मिळतं. मुलगा गुणी, शिकलेला, बाग स्वतः बघणारा. वय तिशी ओलांडून गेलेलं आणि लग्न जमत नव्हतं. शेतकरी नवरा नको हे आजकाल सगळीकडंच झालंय, पण पप्पूच्या बाबतीत नाकही आडवं यायचं. नाक मोठं होतं, हे मी सौम्य शब्दांत लिहितोय. पारावरची पोरं म्हणायची, पप्पू शेडमध्ये शिरला की त्याचं नाक पलीकडच्या दारानं बाहेर येतं. बायोडाटाला जोडलेला फोटो एका स्टुडिओत समोरून झगझगीत उजेड मारून काढलेला होता. मागं बर्फाचे डोंगर, पुढं नाक, आणि त्याच्या आजूबाजूला पप्पू. तो फोटो गेला की मुलीकडून निरोप यायचा, मुलगी अजून शिकायचं म्हणतीया. ज्या मुली शिकायचं म्हणायच्या त्यांची पुढच्या महिन्यात लग्नं व्हायची.

रंगूवहिनी सोमवार धरायच्या, शनिवार धरायच्या. माझ्या डोळ्यांदेखत ह्याच्या डोक्यावर अक्षता पडू देत, एवढंच त्यांचं मागणं. दुसरं काही त्या कधी बोलत नसत.

नाथाजीनं पप्पूला पंपासकट खुर्चीत बसवला, फोकस लावला, कॅमेऱ्यात डोळा घातला आणि एकदम ओरडला, "सावधान!"

पप्पू ताठ झाला. मी परात धरून ताठ झालो. पप्पूच्या नाकाची सावली गालावरून थेट ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली होती, आणि तिच्या वर, डोळ्याखाली, खडीसाखरेच्या खड्यासारखा उजेडाचा तिकोण बसला होता. कोपरे तिन्हीच्या तिन्ही स्वच्छ.

"गड्या," नाथाजी म्हणाला, "ह्या नाकाला लोक नावं ठेवत्यात?"

फोटो खरंच वेगळा आला. मला त्यातलं कळत नाही, पण मी तो बराच वेळ बघितला. काळ्या घोंगड्यातून एक माणूस बाहेर बघत होता, कसल्यातरी विचारात असलेला. नाक होतंच. पण ते आता अडचण वाटत नव्हतं. घराला आढं असतं तसं बाकीचा चेहरा त्याच्यावर तोललेला वाटत होता.

रंगूवहिनी मात्र फोटो बघून रडायला लागल्या. "भावजी, निम्माच पोरगा काढला?"

"अख्खा दावला तवा कुनी घेतला का, वहिनी?" नाथाजी म्हणाला.

 बर्फाच्या डोंगरांचा फोटो काढून हाच नवा बायोडाटाला लागला.

आणि शिरवळहून फोन आला. मुलगी संयोगिता, तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला. वडील कोयनानगरला ड्युटीवर असतात, म्हणून बोलणी मामा करत होते. जयराजमामा. "फोटो बघून पोरगी म्हनली, बघायला जाऊ," मामा म्हणाले. "आमची पोरगी असं कधी म्हनत न्हाई."

आमच्याकडं आता पोरीकडचे आधी येऊन घर, बाग, पोरगा बघून जातात. हे नवीन नाही. पण पप्पूला बघायला आजवर कुणी आलेलं नव्हतं. रंगूवहिनींनी घरात सारवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून फरशी दोनदा धुतली. पप्पूनं बागेतली कामं सोडून पांढरा शर्ट शिवायला टाकला. आणि नाथाजी झोपेतून उठल्यासारखा माझ्याकडं आला.

"आण्णा, घोटाळा झाला. ती पोरगी फोटो बघून यायला लागलीया."

"मग बरंच की."

"बरं कुठलं? आली आन् पोरगा उन्हात बसलेला दिसला तर? म्हनंल, फोटो खोटा. फोटोत दिसतो तसाच पोरगा दिसला पायजे."

 मी कधीच काही बोलत नाही, आणि यात दर वेळी माझी चूक होते.

पाहुणे नाथाजीच्या सोप्यात येतील असं ठरलं. आदल्या दिवशी तालीम झाली. पप्पू खुर्चीत, फोकस त्याच्या उजव्या हाताला, मी डाव्या हाताला परात घेऊन. पाहुण्यांच्या खुर्च्या कुठं ठेवायच्या तिथं फरशीवर खडूनं गोल काढले. पंखा बंद, कारण पंख्यानं धोतर हलतं आणि धोतर हललं की तिकोण थरथरतो.

"तात्या, मी बसतो जाग्यावर," पप्पू म्हणाला. "पर चहा?"

"चहा उजव्या हातानं. कप तोंडाकडं येऊ दे, तोंड कपाकडं न्यायाचं न्हाई."

"आन् काय इचारलं तर?"

"मी सांगतो की. तू बोललास की गाल हलतो. मी म्हनल्याबिगर बोलायाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पाहुण्यांची गाडी आली. बाहेर ऊन असं की अंगणातली तुळस पांढरी दिसत होती. आत मध्यरात्र. मामा उंबऱ्यातून आत आले ते थेट बेदाण्याच्या क्रेटवर.

"लाइट गेलीया व्हय?"

"न्हाई, लावलीया," नाथाजी म्हणाला. "या, बसा. हितं. ह्या गोलात."

मामा बसले, मुलीची आई बसली, शेवटच्या गोलात संयोगिता बसली. समोर अंधारात पप्पूचं निम्मं तोंड लोंबकळत होतं. त्या निम्म्या तोंडानं नमस्कार केला नाही, कारण नमस्काराचं आम्ही तालमीत विसरलो होतो. मी परात धरून उभा होतो. माझी ओळख कुणी करून दिली नाही, आणि पाहुण्यांनीही विचारलं नाही. देवघराजवळ एखादी मूर्ती असावी तसं त्यांनी मला धरलं असावं.

थोडा वेळ द्राक्षाची, पावसाची, रस्त्याची बोलणी झाली. सगळी उत्तरं नाथाजीनं दिली. पप्पूला घाम फुटला होता, तो नाकावरून खाली येऊन टोकाला थांबला होता. पप्पू तो पुसूही शकत नव्हता. सगळे त्या थेंबाकडं बघत होते.

मामांनी हळूच खुर्ची डावीकडं सरकवली. नाथाजी उठला आणि खुर्ची मामांसकट परत गोलात आणली. "हितं वारं लागतं, पावणं."

वारं कुठंच नव्हतं. मामांनी बहिणीच्या कानात सांगितलं, पण त्यांचा हळू आवाज आमच्या मोठ्या आवाजाएवढा होता. "त्या अंगाला काय तरी हाय."

"भाजलंय का काय?"

"डोळा असंल."

रंगूवहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

मामा खाकरले. "पावणं, पोराला जरा हिकडं तोंड करायला सांगा की."

"तिकडनं बी असाच हाय," नाथाजी म्हणाला.

"असाच हाय तर दावा."

"दावला तर तिकोण जातो."

"काय जातो?"

"तिकोण."

मामांनी बहिणीकडं बघितलं. या घरात पोरात दोष नसून चुलत्यात आहे की काय, असा विचार त्यांच्या मनात आलेला मला परातीच्या उजेडात स्वच्छ दिसला. मग ते हात धुवायला जातो म्हणून उठले, मागच्या अंगणातून फिरून परसदारानं आत शिरले आणि घोंगड्याच्या मागून त्यांनी मुंडकं बाहेर काढलं. पप्पूच्या डाव्या कानाशेजारी एकदम दुसरं तोंड उगवलं. पप्पू हलला नाही. त्याला हुकूम नव्हता.

"मागं अंधार ऱ्हाऊ द्या!" नाथाजी ओरडला आणि लाटणं दाखवलं.

मामांचा पाय फोकसच्या बांबूला लागला, फोकस डुलला, धोतर एका बाजूनं सुटलं. बनुवहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. आता पाहुणे उठतात, एवढंच बघायचं राहिलं होतं. मुलीच्या आईनं पिशवी मांडीवर घेतलीसुद्धा.

संयोगिता मात्र उठली ती फोकसकडं गेली. तोवर तिचा आवाज आम्ही ऐकलेला नव्हता.

"मामा, तुम्ही बसा," ती म्हणाली. मग नाथाजीला विचारलं, "याला हात लावला तर चालेल का?"

नाथाजीच्या दिव्याला हात लावायची परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती. त्यानं मान हलवली.

"कंपनीत मी पार्ट तपासायला असते," ती म्हणाली. "दिव्याखाली. एका बाजूनं बघून आम्ही काही पास करत नाही."

तिनं सलूनच्या खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि पप्पूला सावकाश फिरवायला लागली. खुर्ची कुरकुरत होती. डावा गाल उजेडात आला. त्याच्यावर काही नव्हतं. कांजिण्यांचा एक वण, तोही लहानपणीचा. डावा डोळा आला, जागेवर होता. कान आला. डोक्याची मागची बाजू आली, तिला ताजं तेल होतं. आणि मग पप्पू दिव्याच्या आडवा आला तेव्हा त्याच्या नाकाची सावली समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडली. ती नांगराच्या फाळाएवढी होती.

"आई गं," मामा म्हणाले.

रंगूवहिनींनी डोळे मिटले. मी परात हातात असूनही डोळे मिटले.

खुर्ची फिरून जागेवर आली. संयोगिता थोडा वेळ बघत राहिली. "हे बोलतात का?"

पप्पू ओठ न हलवता म्हणाला, "तात्या, बोलू का?"

"विश्राम," नाथाजी म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

पप्पूनं पहिल्यांदा नाकावरचा थेंब पुसला. "नाक मोठं हाय," तो म्हणाला.

"दिसतंय."

"फोटोत बी हाय तेवढंच. लपीवलेलं न्हाई."

"मग हे सगळं कशाला मांडलंय?"

"तुमी फोटो बघून आला न्हवं? तात्यांला वाटलं, फोटो खोटा ठरंल." तो नाकाला हात लावून म्हणाला, "आन् तसं न्हाई, खरं सांगू का? आजपतुर ह्या नाकाचा कुनाला उपेग झाला न्हवता. फक्त तात्यांला झाला. म्हनून मी बसतो."

"कसला उपयोग?"

"तिकोणाचा."

"तो तिकोण काय असतो ते एकदा सांगाल का कुणीतरी?"

पप्पू खुर्चीतून उतरला. "बसा. दावतो."

बघायला आलेली मुलगी पोराच्या खुर्चीत बसली. आमच्या गावात असं कधी झालेलं नाही, आणि कुणी करू नये असं कुठं सांगितलेलंही नाही, म्हणून कुणाला काही म्हणता येईना. पप्पू फोकस इकडं तिकडं सरकवू लागला. तो बोलत होता, हे मला विशेष वाटलं. मान जरा खाली, डोळे हिकडं, न्हाई, लय झालं, असं. माझ्या दंडातला जीव केव्हाच गेला होता. परात वाकडी झाली तशी जवळ उभ्या असलेल्या मामांनी ती सावरली, आणि मी हळूच सोडून दिली.

"आवं, ही कशी धरायची?" मामा म्हणाले.

"खाली घ्या," नाथाजी कॅमेऱ्यामागं जाऊन बसला होता. "अजून खाली. बाई, तेवढं धोतर धरा वरनं, सुटलंय."

मुलीच्या आईनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या मित्राच्या वडिलांचं धोतर दोन्ही हातांनी वर धरलं.

"पडला," पप्पू म्हणाला.

"सावधान!"

मामा, आई, रंगूवहिनी, पोह्यांसकट बनुवहिनी, सगळे ताठ झाले. कॅमेरा वाजला.

फोटो सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर आळीपाळीनं बघितला. आई म्हणाली, "ही आमची संयोगिता?" संयोगितानं सगळ्यांत जास्त वेळ बघितला आणि "हं" एवढंच म्हणाली. पोहे गार झाले होते. ते खाऊन पाहुणे उठले. गाडीत बसताना मामांनी शर्ट झटकला आणि म्हणाले, "कळवतो."

आमच्याकडं कळवतो म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे.

रंगूवहिनींनी नाथाजीशी बोलणं सोडलं. त्या बनुवहिनींना ऐकू जाईल असं भिंतीला सांगायच्या, "एक पोरगी दारात आली, तर तिला दाढीच्या खुर्चीत बशिवली." नाथाजीनं घोंगडं काढून उन्हात टाकलं. फोकस मंडळाला परत दिला. परात राखेनं स्वतः घासून चुलीपाशी उभी केली, आणि बनुवहिनींना त्याचंच जास्त भ्या वाटलं.

"आण्णा, पोराचं वाटोळं केलं मी," तो मला म्हणाला. आता तो कुणाच्या हनुवटीला हात लावत नव्हता. मी सोप्यात गेलो तर नुसतं "बस" म्हणाला, आणि मला कसं बसावं ते कळेना.

पप्पू रोज संध्याकाळी यायचा. चुलत्याला एका शब्दानं बोलला नाही. खुर्चीत बसून अर्धा वेढा इकडं, अर्धा तिकडं असं फिरत राहायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "तात्या, तिचा फोटो धाडला का?"

"कुठल्या तोंडानं धाडू?"

"तिचा हाय त्यो. धाडा. आमचं काय हुयाचं ते हू द्या."

नाथाजीनं फोटो मामांच्या मोबाइलवर पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहावं हे त्यानं मला विचारलं होतं, पण माणूस चुकीच्या जागी विचारत होता.

त्यानंतर काही दिवस काहीच नाही. मग एका सकाळी मी तिथं असताना मोबाइल वाजला. बनुवहिनी सोप्यातच भाकरीचं पीठ मळत होत्या. नाथाजीचा उद्योग बंद झाल्यापासून त्यांना तिथं जागा मिळाली होती. मामांनी एक फोटो पाठवला होता. शिरवळच्या घरातला दिसत होता. मागं काळी चादर, पुढं प्लास्टिकच्या खुर्चीत संयोगिताची आई. निम्मं तोंड उजेडात, निम्मं पूर्ण काळं. कोपऱ्यात परातीची कड आणि परात धरणाऱ्याचा अंगठा. तिकोण नव्हता.

खाली मामांचा बोललेला निरोप होता. नाथाजीनं तो लावला.

"पावणं, राम राम. बहिनीला बशिवलंय. संयोगिता म्हनती दिवा बाजूला ठिवा, तर बाजूलाच ठिवलाय. परात बी धरलीया. सकाळपास्नं बसलोय, तिकोण काय पडंना. ती म्हनती मामा, तुमी परात चुकीची धरता. तर कुठल्या अंगाला धरायची तेवढं कळवा. बाकी हिकडं सगळं ठीक. पोरीचं व्हय हाय. तारखेचं दाजी कोयनेवरनं आलं की बोलू. पर आदी परातीचं कळवा, हात भरून आलाय."

नाथाजीनं फोटो मोठा करून डोळ्याजवळ नेला. "परात लय वर धरलीया त्यानं," तो म्हणाला. मग बोटानं मोबाइल दाबून धरला आणि बोलायला लागला. "पावणं, राम राम. परात छातीच्या खाली घ्या…"

"आवं!" बनुवहिनींचे पिठाचे हात परातीतच थांबले होते. "काय म्हनला त्यो?"

"परातीचं इचारतोय."

"त्येच्या म्होरं! त्येच्या म्होरं काय म्हनला?"

नाथाजीनं निरोप परत लावला. पोरीचं व्हय हाय, इथपर्यंत आला आणि त्याचा हात खाली गेला. बनुवहिनी उठल्या. पप्पूच्या आईला हाक मारायला त्या दारापर्यंत गेल्या होत्या, तिथून वळल्या. पिठाचा गोळा उचलून त्यांनी ताटात टाकला, परात पदरानं पुसली आणि नाथाजीच्या हातात दिली. न मागता, आणि न बोलता. मग त्या ओरडत बाहेर पळाल्या.

 नाथाजीनं परात हातात घेऊनच खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन बोटं माझ्या हनुवटीला लागली.

"आण्णा, बस जरा. कुठनं धरायची ते त्यास्नी नीट सांगाया पायजे."

मी बसलो. पलीकडच्या खणातून रंगूवहिनींचं रडणं ऐकू आलं, मग बागेकडच्या वाटेनं पप्पूला हाका मारत जाणाऱ्या बनुवहिनींचा आवाज. मला उठून जावंसं वाटत होतं, बघावंसं वाटत होतं. पण नाथाजी परात वर करत होता, खाली करत होता, आणि म्हणत होता, हलू नको.